अमेरिकेची मूळ राज्यघटना गुलामगिरीच्या बाजूची होती का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेत ‘गुलाम’ हा शब्द एकदाही येत नाही, काळ्या-गोऱ्यांचा उल्लेखही नाही. मग ती घटना गुलामगिरीला संरक्षण देणारी होती असे का म्हणतात? आणि काळा माणूस हा ‘तीन-पंचमांश माणूस’ आहे, असे तिच्यात खरोखरच लिहिले होते का?

तुलनात्मक राज्यघटना हा विषय मी बरीच वर्षे शिकवत आहे आणि या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे दरवर्षी वर्गात ऐकतो. एक गट म्हणतो की घटनाकार ढोंगी होते. दुसरा म्हणतो की ते आपल्या काळाची अपत्ये होते. दोन्ही उत्तरे घटनाकारांच्या मनाविषयी बोलतात आणि कलमांना हात लावत नाहीत. माझे मत आधीच सांगतो. गुलामगिरीचे संरक्षण या घटनेच्या भाषेपेक्षा तिच्या हिशेबात होते. कोणाची मोजणी कशी करायची, कोणता अधिकार किती वर्षे गोठवायचा आणि एका राज्याच्या कायद्याचा हात दुसऱ्या राज्यात कुठवर पोहोचू द्यायचा, या तीन ठिकाणी ते घडवले गेले. शब्द गाळल्याचाही परिणाम झाला, पण तो पुढे आणि वेगळ्या दिशेने झाला.

तीन-पंचमांशाचा विषय आधी घेतो, कारण त्याबद्दलचा गैरसमज सर्वात घट्ट आहे. पहिल्या अनुच्छेदात प्रतिनिधिगृहातील जागा आणि प्रत्यक्ष कर राज्याराज्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटण्याची तरतूद आहे. त्यासाठी स्वतंत्र व्यक्तींची पूर्ण संख्या घ्यायची, ठरावीक मुदतीच्या कराराने कामाला बांधलेल्यांना त्यांतच धरायचे, कर न देणाऱ्या मूळनिवासींना वगळायचे आणि ‘इतर सर्व व्यक्तीं’च्या तीन-पंचमांश संख्येची भर घालायची. स्वतंत्र माणसे, करारबद्ध नोकर आणि मूळनिवासी बाजूला काढल्यावर ‘इतर’ कोण उरतात, हे फिलाडेल्फियात जिथे घटना लिहिणारी परिषद भरली होती त्या सभागृहात कोणाला सांगावे लागत नव्हते.

येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की स्वतंत्र काळा माणूस या हिशेबात पूर्ण एक धरला जात होता. अपूर्णांक गुलामांना होता, काळ्या वर्णाला नव्हता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गुलामांना पूर्ण मोजावे असा आग्रह दक्षिणेकडच्या मळेवाल्यांच्या प्रतिनिधींचा होता आणि मुळीच मोजू नये असे उत्तरेतील कित्येकांचे म्हणणे होते. गुलामाला मत नव्हते, मालमत्ता नव्हती, न्यायालयात गोऱ्याविरुद्ध साक्ष देण्याचाही अधिकार नव्हता. त्याची मोजणी जितकी पूर्ण होईल, तितक्या जास्त जागा त्याच्या मालकाच्या राज्याला मिळणार होत्या. म्हणजे ‘तीन-पंचमांश का, पूर्ण का नाही’ हा आजच्या वाचकाचा संताप अनवधानाने दक्षिण कॅरोलायनासारख्या गुलाममालकांच्या राज्याच्या बाजूने जातो. त्या गुलामांच्या दृष्टीने सर्वात हितकर आकडा शून्य हा होता.

हा अपूर्णांकही तेथे नव्याने शोधलेला नव्हता. १७८३ मध्ये या घटनेपूर्वीच्या जुन्या काँग्रेसने राज्यांकडून वसूल करायच्या रकमेची वाटणी लोकसंख्येवर ठरवण्याचा प्रस्ताव केला, तेव्हा हेच प्रमाण सुचवले गेले होते. त्या वेळी कर भरायचा असल्यामुळे दक्षिणेला गुलामांची संख्या कमी धरायला हवी होती. १७८७ मध्ये जागा मिळवायच्या होत्या, तेव्हा तीच जास्त धरायला हवी झाली. प्रतिनिधित्व आणि कर यांना एकाच मापाने बांधले म्हणजे दोन्ही बाजू आपोआप तोलल्या जातील, असा युक्तिवाद करण्यात आला. प्रत्यक्षात केंद्र सरकारने आपला खर्च मुख्यतः आयात जकातीवर चालवला आणि अशा प्रकारे वाटून दिलेला प्रत्यक्ष कर क्वचितच बसवला. त्यामुळे कराचे ओझे कागदावर राहिले आणि जागांचा लाभ मात्र दर निवडणुकीत मिळत राहिला.

तो लाभ किती मोठा होता, हे पाहण्यासाठी विद्यार्थ्यांना मी १७९० च्या पहिल्या जनगणनेचे दोन आकडे फळ्यावर मांडायला सांगतो. व्हर्जिनियाची लोकसंख्या ७,४७,६१० होती आणि त्यांपैकी २,९२,६२७ गुलाम होते. म्हणजे स्वतंत्र माणसे सुमारे ४ लाख ५५ हजार. पेनसिल्व्हेनियाची लोकसंख्या ४,३४,३७३ होती आणि तेथे गुलाम चार हजारांहूनही कमी होते. म्हणजे स्वतंत्र माणसे सुमारे ४ लाख ३० हजार. दोन्ही राज्यांत स्वतंत्र नागरिक जवळपास सारखेच. आता व्हर्जिनियाच्या गुलामांचे तीन-पंचमांश, म्हणजे सुमारे १ लाख ७५ हजार, त्यात मिळवा आणि प्रत्येक ३३,००० लोकसंख्येमागे एक जागा या तेव्हाच्या प्रमाणाने भागा. व्हर्जिनियाला १९ जागा मिळतात, पेनसिल्व्हेनियाला १३. त्या जनगणनेनंतर प्रत्यक्ष वाटप असेच झाले. मधल्या सहाही जागा अशा माणसांच्या जिवावर आल्या होत्या, ज्यांना त्या जागांवर कोण बसेल हे ठरवण्यात काडीचाही वाटा नव्हता. या भागाकारापुढे घटनाकारांच्या भाषणांतली नैतिक खंत मला नेहमी फिकी वाटते.

या कलमाचा खरा अर्थ तेथेच उभे राहून सांगणारा एक माणूस परिषदेत होता, त्याची नोंद घेतली पाहिजे. पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी गव्हर्नर मॉरिस (‘गव्हर्नर’ हे त्यांचे नाव, पद नव्हे) यांनी ८ ऑगस्ट १७८७ रोजी सरळ विचारले की गुलामांना कोणत्या नात्याने मोजायचे आहे. ती माणसे असतील तर त्यांना नागरिक करा आणि मत द्या. ती मालमत्ता असेल, तर इतर कोणतीच मालमत्ता का मोजली जात नाही? दक्षिण कॅरोलायनाच्या भातखाचरांत राबणाऱ्या साऱ्या गुलामांच्या किमतीपेक्षा या एका फिलाडेल्फिया शहरातल्या घरांची किंमत जास्त आहे, असेही ते म्हणाले. त्यांचा ठराव पडला. दहा राज्ये विरुद्ध, एक बाजूने.

हाच हिशेब राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही उतरला. अध्यक्ष थेट जनतेने निवडावा या सूचनेवर बोलताना व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी १९ जुलैला कबूल केले होते की उत्तरेत मताधिकार दक्षिणेपेक्षा बराच व्यापक आहे, आणि थेट मतदान झाले तर दक्षिणेला तिच्या काळ्या लोकसंख्येचा काही उपयोग होणार नाही. निर्वाचकमंडळात प्रत्येक राज्याला प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून जितक्या जागा, तितके निर्वाचक देण्यात आले आणि तीन-पंचमांशाचा वाढावा त्या वाटेने अध्यक्षपदापर्यंत पोहोचला. निर्वाचकमंडळ केवळ गुलामगिरीसाठी निर्माण झाले असे मी म्हणणार नाही. लहान राज्यांची भीती आणि त्या काळची दळणवळणाची अडचण ही कारणेही खरी होती. पण १८०० मध्ये जेफरसन यांना ७३ आणि जॉन ॲडम्स यांना ६५ मते पडली, तेव्हा गुलामांच्या संख्येवर मिळालेले निर्वाचक वजा केले तर ॲडम्सच पुढे राहिले असते, असा हिशेब अनेक इतिहासकारांनी मांडलेला आहे. पहिल्या सात अध्यक्षांपैकी पाच जण पदावर असताना गुलामांचे मालक होते.

दुसरी तरतूद मुदतीची. विद्यमान राज्यांना ज्या व्यक्तींना ‘येऊ देणे योग्य वाटेल’ त्यांचे स्थलांतर किंवा आयात काँग्रेसला १८०८ पूर्वी बंद करता येणार नाही. मात्र अशा आयातीवर माणशी दहा डॉलरपर्यंत कर बसवता येईल. सर्व व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार ज्या घटनेने काँग्रेसला दिला, तिनेच गुलामांच्या या एका व्यापाराला वीस वर्षे त्या अधिकाराबाहेर ठेवले. शिवाय पाचव्या अनुच्छेदात घालून ठेवले की १८०८ पर्यंत घटनादुरुस्ती करूनही या तरतुदीला हात लावता येणार नाही. मसुदा लिहिणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर हे पाचव्या अनुच्छेदातले वाक्य फार बोलके आहे. बदल नको म्हणून कलम घटनेत घालणे ही एक गोष्ट, आणि तेवढ्यावर विश्वास न ठेवता त्याला आणखी एक कुलूप लावणे ही दुसरी.

हे कलम कसे ठरले ते पाहिले की सदिच्छेच्या गोष्टी मागे पडतात. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन, जे स्वतः मोठे गुलाममालक होते, त्यांनी २२ ऑगस्टला या व्यापारावर कडाडून टीका केली. प्रत्येक गुलाममालक जन्मतःच छोटासा जुलमी राजा असतो, असे ते म्हणाले. त्यावर कनेक्टिकटच्या एल्सवर्थ यांनी खोचक उत्तर दिले. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये गुलामांची संख्या इतक्या वेगाने वाढते की बाहेरून आणण्यापेक्षा तेथे वाढवणे स्वस्त पडते, तर कॅरोलायनाच्या दलदलीत त्यांची सतत नव्याने भरती करावी लागते. केवळ आयात बंद करणे म्हणजे त्या राज्यांवर अन्याय होईल. आयातबंदीने व्हर्जिनियाच्या गुलामांचे भाव चढणार होते, हे या बोलण्यामागचे उघड गुपित. दक्षिण कॅरोलायनाचे रटलेज तर आदल्याच दिवशी बोलून मोकळे झाले होते की धर्म आणि माणुसकी यांचा या प्रश्नाशी संबंध नाही, राष्ट्रे फक्त हितसंबंधावर चालतात.

मग सौदा झाला. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांतल्या, जहाजमालकांना सागरी व्यापाराचे कायदे साध्या बहुमताने व्हायला हवे होते, दक्षिणेला त्यासाठी दोन-तृतीयांशांची अट हवी होती. अट गेली, गुलामांच्या व्यापाराला अभय मिळाले. समितीने मुदत १८०० पर्यंत सुचवली होती. ती १८०८ पर्यंत वाढवण्याची सूचना दक्षिण कॅरोलायनाच्या चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी यांनी मांडली आणि तिला अनुमोदन दिले मॅसॅच्युसेट्सच्या गोरम यांनी. जो अनर्थ व्हायची भीती आहे तो सगळा करायला वीस वर्षे पुरेशी आहेत, असा इशारा मॅडिसन यांनी दिला. तो खरा ठरला. दक्षिण कॅरोलायनाने १८०३ च्या अखेरीस आपले बंदर पुन्हा या व्यापाराला खुले केले आणि मुदत संपेपर्यंत चार्ल्स्टनमध्ये हजारो आफ्रिकन माणसे उतरवली गेली. बंदीचा कायदा १ जानेवारी १८०८ पासून लागू झाला, म्हणजे घटनेने मोकळा केलेल्या पहिल्याच दिवशी. ही गोष्टही तितकीच खरी आहे आणि घटनेच्या बाजूने बोलणारे ती सांगतात, त्यांत गैर काही नाही.

तिसरी तरतूद, माझ्या मते सर्वात कठोर, फरारी माणसांची. एका राज्यात तेथील कायद्यांनुसार ‘सेवेस किंवा श्रमास बांधलेली व्यक्ती’ दुसऱ्या राज्यात पळून गेली, तर दुसऱ्या राज्याच्या कोणत्याही कायद्याने ती मुक्त होणार नाही आणि ज्याला ती सेवा देय आहे त्याने मागणी केल्यावर ती त्याच्या हवाली केली जाईल. पळून आलेल्या गुलामांना गुन्हेगारांप्रमाणे परत करावे, अशी सूचना दक्षिण कॅरोलायनाच्या बटलर आणि चार्ल्स पिंकनी (वरचे चार्ल्स कोट्सवर्थ नव्हेत) यांनी २८ ऑगस्टला केली. पळालेला घोडा सरकारने पकडून द्यावा असे आपण म्हणत नाही, मग गुलाम का, असे कनेक्टिकटच्या शर्मन यांनी विचारले. गुलामगिरीचा विरोध म्हणून उद्धृत केले जाणारे हे वाक्य मुळात सरकारी खर्चाची तक्रार आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे. बटलर यांनी त्या दिवशी सूचना मागे घेतली, दुसऱ्या दिवशी वेगळ्या शब्दांत आणली आणि ती चर्चेविना मंजूर झाली.

या तरतुदीचा बारकावा समजून घ्यायला हवा. त्याआधी एखाद्या राज्याने गुलामगिरी बंद केली, तर त्याच्या सीमेच्या आत पाऊल टाकणाऱ्याला मुक्त मानायचे की नाही, हे ते राज्य ठरवू शकत होते. आता व्हर्जिनियाचा कायदा पळालेल्या माणसाच्या अंगाला चिकटून न्यू हॅम्पशायरपर्यंत जाऊ लागला. चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी यांनी १७८८ च्या जानेवारीत आपल्या विधानसभेला हाच फायदा मोजून दाखवला: अमेरिकेच्या कोणत्याही भागात आश्रय घेतलेला आपला गुलाम परत मिळवण्याचा हक्क आपण मिळवला आहे आणि तो यापूर्वी आपल्याकडे नव्हता.

याचा अर्थ एका बाईच्या आयुष्यात काय झाला, ते पाहा. फिलाडेल्फिया राजधानी असताना अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या घरी ओना जज ही तरुण गुलाम स्त्री मार्था वॉशिंग्टन यांच्या सेवेत होती. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम तेथे सलग सहा महिने राहिला तर तो मुक्त होण्याचा हक्क सांगू शकत होता. म्हणून वॉशिंग्टन आपल्या घरच्या गुलामांना मुदत भरण्याआधी राज्याबाहेर पाठवत आणि परत आणत. १७९६ च्या मे महिन्यात, घरची मंडळी व्हर्जिनियाला निघण्याच्या तयारीत असताना, ओना निघून गेली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोहोचली. तिला परत आणण्याचे प्रयत्न अध्यक्षांनी पदावर असतानाही केले आणि नंतरही. ती परतली नाही. तिने लग्न केले, तिला मुले झाली, १८४८ मध्ये ती वारली. पण कायद्याच्या दृष्टीने ती शेवटच्या श्वासापर्यंत फरारी गुलाम होती, आणि स्वतंत्र राज्यात जन्मलेल्या तिच्या मुलांवरही मालकाच्या वारसांचा दावा लागू शकत होता. फरारी गुलामांविषयीच्या ज्या १७९३ च्या कायद्याने हे शक्य केले, त्यावर सही वॉशिंग्टन यांचीच होती. १८५० चा कायदा त्याहून पुढे गेला: पकडलेल्या माणसाची साक्ष घ्यायची नाही, आणि आयुक्ताने त्याला मालकाच्या हवाली केले तर शुल्क दहा डॉलर, सोडून दिले तर पाच.

आता गाळलेल्या शब्दाकडे येतो. तो अनवधानाने गळला नाही. माणसांत मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेत मान्य करणे चुकीचे होईल, असे मॅडिसन यांनी २५ ऑगस्टला म्हटल्याची नोंद त्यांच्याच टिपणांत आहे. शेवटच्या आठवड्यात, १५ सप्टेंबरला, फरारी कलमातल्या ‘कायदेशीररीत्या बांधलेली’ या शब्दांऐवजी ‘तेथील कायद्यांनुसार बांधलेली’ असे शब्द घातले गेले, कारण पहिल्या शब्दांमुळे गुलामगिरी नैतिकदृष्ट्याही वैध आहे असे सूचित होईल, असे काहींना वाटले. म्हणजे गुलामगिरी ही राज्याच्या कायद्याची निर्मिती, संघाची नव्हे, एवढा भेद त्यांनी जाणीवपूर्वक राखला. या भेदाने पकडल्या गेलेल्या माणसाच्या बेडीची एकही कडी सैल झाली नाही. पण वकिलांना मात्र सत्तर वर्षे पुरेल इतके काम मिळाले.

त्या वकिलीत दोन्ही बाजूंनी मोठी माणसे होती. मॅडिसन यांची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८४० मध्ये छापली गेली, आणि बंद दाराआडचे सौदे वाचून गुलामगिरीविरोधी चळवळीचे नेते विल्यम लॉइड गॅरिसन यांच्या पंथाचे मत आणखी पक्के झाले की ही घटनाच गुलामगिरीचा करार आहे. ४ जुलै १८५४ रोजी गॅरिसन यांनी घटनेची प्रत जाहीर सभेत जाळली. मनुस्मृतीच्या दहनाशी याची तुलना आपल्याकडे कधी कधी केली जाते, ती मला अर्धीच पटते, कारण गॅरिसन जी प्रत जाळत होते ती त्यांच्या देशाचा चालू कायदा होती. त्यांचेच एकेकाळचे सहकारी, गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस, १८५१ मध्ये उलट निष्कर्षाला आले. त्यांचे म्हणणे असे की कायदा वाचायचा तो त्याच्या शब्दांवरून, लिहिणाऱ्यांच्या खासगी हेतूंवरून नव्हे, आणि शब्दांत तर गुलामगिरीचे नावही नाही. इतिहासकार म्हणून गॅरिसन जवळचे वाटतात. वकील म्हणून मी डग्लस यांचे वकीलपत्र घेतले असते.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र ६ मार्च १८५७ रोजी ड्रेड स्कॉट खटल्यात दोघांच्याही पलीकडची मजल मारली. स्कॉट यांना त्यांच्या मालकाने गुलामगिरी नसलेल्या इलिनॉयमध्ये आणि विस्कॉन्सिन प्रदेशात वर्षानुवर्षे ठेवले होते. त्या आधारावर त्यांनी मुक्ततेचा दावा केला होता. सरन्यायाधीश टॉनी यांनी लिहिले की आफ्रिकन वंशाचे लोक, गुलाम असोत वा स्वतंत्र, घटनेतल्या ‘जनते’त कधीच धरलेले नव्हते आणि गोऱ्यांनी मानलाच पाहिजे असा कोणताही हक्क त्यांना नव्हता. पुढे त्यांनी असेही म्हटले की गुलामावरचा मालकी हक्क घटनेने स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. जो शब्द नसावा म्हणून मॅडिसन यांनी काळजी घेतली, तो टॉनी यांना तेथे स्पष्ट दिसला. न्यायमूर्ती कर्टिस यांनी विरोधी निकालपत्रात वस्तुस्थिती मांडली: न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि उत्तर कॅरोलायना या पाच राज्यांत स्थापनेच्या काळात स्वतंत्र काळे पुरुष इतर अटी पुऱ्या करत असतील तर मतदार होते, म्हणजे घटना संमत करणाऱ्या ‘जनते’त तेही आले. टॉनी यांच्या इतिहासाला यापेक्षा नेमके उत्तर कोणी दिलेले माझ्या वाचनात नाही.

गाळलेल्या शब्दाचे मोल समजायचे असेल तर फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांनी मार्च १८६१ मध्ये केलेली घटना शेजारी ठेवावी. बहुतेक कलमे जुन्याच घटनेची नक्कल आहेत. पण ‘निग्रो गुलामांवरील मालमत्तेचा हक्क’ नाकारणारा कोणताही कायदा करता येणार नाही, असे तेथे उघड लिहिले आहे. जुन्या घटनेने सारे काही दिलेले असते तर हे लिहिण्याची गरज पडली नसती. म्हणून १७८७ च्या घटनेला मी गुलामगिरीची घटना म्हणत नाही. गुलाममालकांना चांगला सौदा करून देणारी घटना म्हणतो, आणि त्या सौद्यात एक गोष्ट त्यांना मिळाली नव्हती.

शेवटी ‘गुलामगिरी’ हा शब्द घटनेत आला तो डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या दुरुस्तीतून, गुलामगिरी बंद करताना. आणि त्याच वाक्यात ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल ते खेरीज’ असा अपवादही आला. किरकोळ आरोपांखाली काळ्या माणसांना पकडायचे आणि कैदी म्हणून खाणींना, मळ्यांना भाड्याने द्यायचे, ही दक्षिणेतली पद्धत त्या अपवादातून फोफावली. आपल्या घटनेच्या २३ व्या अनुच्छेदात वेठबिगारीला मनाई करताना असा अपवाद ठेवलेला नाही, आणि १७ व्या अनुच्छेदाने तर अस्पृश्यतेचे नाव घेऊन ती नष्ट केली. दोन मसुद्यांची तुलना करणाऱ्याने हा फरक नजरेआड करू नये. अमेरिकेतली मुक्ती महात्मा फुले यांनी किती जवळून पाहिली होती, हे १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका सांगते, ती संयुक्त संस्थानांतल्या त्या लोकांना वाहिली आहे ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. तेव्हा दक्षिणेत काळे मतदार आणि काळे आमदार खरोखरच होते. चार वर्षांत केंद्राचे सैन्य तेथून मागे घेतले गेले.

वंशभेदाचा प्रश्न मात्र गुलामगिरीपासून वेगळा काढून पाहावा लागतो, कारण त्याचा सर्वात टिकाऊ कायदा घटनेत नाहीच. तो पहिल्या काँग्रेसने २६ मार्च १७९० रोजी केला. परदेशी माणसाला नागरिकत्व कसे मिळेल हे सांगणाऱ्या त्या कायद्यात अर्जदार ‘स्वतंत्र गोरी व्यक्ती’ असावा, अशी अट होती. येथे आडपडदा नव्हता. ज्यांनी घटनेत ‘गुलाम’ लिहायला संकोच केला त्यांना कायद्यात ‘गोरा’ लिहिताना काहीच अडले नाही. १८७० मध्ये आफ्रिकन जन्माच्या आणि वंशाच्या लोकांना त्यात जागा मिळाली, पण मधले आशियाई बाहेरच राहिले. या अटीवर पुढे दुसरे कायदे उभे राहिले. कॅलिफोर्नियाने १९१३ मध्ये शेतजमिनीचा कायदा केला तेव्हा त्यात कोणत्याही वंशाचे नाव घेतले नाही. नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयांना जमीन घेता येणार नाही, एवढेच म्हटले, कारण अपात्र कोण हे १७९० पासून ठरलेले होते.

भारतीयांचा प्रश्न १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. भगतसिंग थिंड या शीख माजी सैनिकाच्या वतीने बाजू मांडणाऱ्या वकिलांत लॉस एंजेलिसचे सखाराम गणेश पंडित होते. तीनच महिन्यांपूर्वी एका जपानी अर्जदाराला नाकारताना याच न्यायालयाने ‘गोरा’ म्हणजे कॉकेशियन वंशाचा असे म्हटले होते, आणि त्या काळचे वंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियन मानत होते. थिंड यांच्या वकिलांनी तोच धागा पकडला. न्यायमूर्ती सदरलँड यांनी तो तोडला: शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच कायद्यातला गोरा. दोन्ही निकाल त्यांनीच लिहिलेले होते. थिंड यांच्या वकिलांच्या युक्तिवादावरही आज टीका होते, आणि ती रास्त आहे, कारण ‘आम्हीही गोरेच’ म्हणत दार ठोठावताना दाराबाहेर ठेवण्याचे तत्त्व मान्यच होते.

निकालानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वे रद्द करण्याचे दावे लावले आणि त्यांत पंडित यांचेही नाव आले. त्यांना १९१४ मध्ये नागरिकत्व मिळाले होते. या वेळी त्यांनी वंशाचा मुद्दा बाजूला ठेवला. त्यांचे म्हणणे असे: सक्षम न्यायालयाने सरकारला नोटीस देऊन, आक्षेप ऐकून एकदा निर्णय दिला आहे. सरकारने तेव्हा अपील केले नाही. त्या निर्णयावर विसंबून मी व्यवसाय उभा केला, घर घेतले, लग्न केले. आता तोच प्रश्न पुन्हा उकरून काढता येणार नाही. आपल्या दिवाणी न्यायालयांत रोज वापरला जाणारा ‘पूर्वनिर्णीत’ हाच तो सिद्धांत. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने तो मान्य केला, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकण्यास नकार दिला आणि सरकारने इतर भारतीयांविरुद्धचे उरलेले दावे सोडून दिले. भारतीयांना नव्याने नागरिकत्व मिळण्याची वाट १९४६ च्या कायद्याने उघडली, आणि १७९० पासून चालत आलेली वंशाची अट सर्वांसाठी १९५२ मध्ये रद्द झाली.